ईआर, पीआर, हर-टू: गाठीतली प्रथिनं पुढचं काय सांगतात?

स्तनातल्या गाठीची बायॉप्सी झाली की घरचे एकाच प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत असतात: कॅन्सर आहे की नाही. ते उत्तर देणारा कागद आधी येतो. त्यानंतर चार-आठ दिवसांनी दुसरा एक कागद येतो, त्याला 'आयएचसी'चा रिपोर्ट म्हणतात. त्यात जेमतेम चार ओळी असतात: ईआर पॉझिटिव्ह, ॲलरेड स्कोअर ८ पैकी ७, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू १+, निगेटिव्ह, केआय-६७ बारा टक्के. पहिल्या कागदाने हादरलेल्या घरात हा दुसरा कागद फारसा कुणी वाचत नाही. फाइलला लावून तो थेट डॉक्टरांसमोर ठेवला जातो. पण गाठ किती आक्रमक आहे, कोणतं औषध लागू पडेल, केमो टाळता येईल का, आजार पुन्हा उलटण्याची भीती किती, या सगळ्याचा अंदाज बांधायला डॉक्टर हाच कागद उघडतात. त्या चार ओळी म्हणजे गाठीच्या पेशींमधल्या चार प्रथिनांची मोजदाद असते.

२०२२च्या जागतिक आकडेवारीनुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर होतो आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावतात. या दोन लाखांच्या घरातल्या स्त्रियांचा आजार एकसारखा नसतो. दोघींच्या गाठी दोन-दोन सेंटिमीटरच्याच असतील, काखेतल्या गाठी दोघींच्याही स्वच्छ असतील, तरी एकीला नुसत्या गोळ्यांवर वीस वर्षं काही होत नाही आणि दुसरीचा आजार दोन वर्षांत फुप्फुसात दिसतो. गाठीचा आकार आणि पसरलेपण हा फरक पूर्ण सांगू शकत नाही. तो शोधता शोधता वैद्यकशास्त्र प्रथिनांपर्यंत पोचलं.

सुरुवात झाली ती प्रथिनांचा विचारही कुणाच्या मनात नव्हता तेव्हा. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी हाताबाहेर गेलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये रुग्णांचे बीजांडकोशच शस्त्रक्रियेने काढून टाकले आणि काही जणींच्या गाठी आक्रसल्या. हे त्यांनी १८९६मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलं. पण तसा गुण काही जणींनाच येत होता, बाकीच्यांना मोठ्या शस्त्रक्रियेचा त्रास फुकट सोसावा लागत होता. कुणाला गुण येईल हे आधी ओळखायचं कसं, हा प्रश्न पुढची साठ वर्षं तसाच राहिला.

त्याचं उत्तर शिकागो विद्यापीठातल्या एल्वुड जेन्सन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेन शरीरात गेल्यावर एखाद्या विकराकडून बदललं जातं आणि त्यातूनच त्याचं काम होतं, असं १९५०च्या दशकात मानलं जाई. जेन्सन आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट जेकबसन यांनी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांना टोचलं आणि ते कुठे जातं याचा माग काढला. स्नायूंमधून ते आलं तसं निघून गेलं. गर्भाशयात मात्र ते रेंगाळलं, आणि अजिबात न बदलता. म्हणजे तिथल्या पेशींमध्ये त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. ते 'काहीतरी' म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, आपल्या रिपोर्टमधलं ईआर. १९५८मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत जेन्सन यांनी हे मांडलं तेव्हा समोर पाचच श्रोते होते आणि त्यातले तिघे त्याच सत्रातले वक्ते होते, असं सांगतात. पुढे स्तनाच्या कॅन्सरच्या गाठींतही हे प्रथिन सापडलं. ज्या गाठींत ते भरपूर होतं, त्याच संप्रेरकं बंद केल्यावर आक्रसत होत्या. बीटसन यांच्या कोड्याची उकल झाली.

ईआर असलेल्या पेशीत इस्ट्रोजेन शिरलं की ते या प्रथिनाला चिकटतं, आणि ही जोडगोळी पेशीकेंद्रातल्या डीएनएवर बसून वाढीशी संबंधित जनुकं चालू करते. त्यातलंच एक जनुक प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचं, म्हणजे पीआरचं. कॅथरिन हॉरविट्झ आणि विल्यम मॅग्वायर यांनी १९७५मध्ये एक साधा आणि फार सुंदर तर्क मांडला: पीआर जर ईआरच्या हुकमाने तयार होत असेल, तर गाठीत पीआर दिसणं हा तिथला ईआर नुसता हजर नसून कामही करत असल्याचा पुरावा धरावा. ईआर आणि पीआर दोन्ही असलेल्या गाठी संप्रेरकविरोधी औषधांना जास्त चांगला प्रतिसाद देतात, हे पुढे दिसून आलं. आजही रिपोर्टवर ही दोन नावं जोडीने येतात, ती यामुळे.

औषध तोवर आलेलं होतं. ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी १९६२मध्ये तयार केलेलं संयुग मुळात गर्भनिरोधनासाठी तपासलं जात होतं. त्या कामी ते निरुपयोगी ठरलं. पण ते ईआरवर इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतं, हे लक्षात आल्यावर त्याचं टॅमॉक्सिफेन झालं. ऑक्सफर्डच्या गटाने जगभरच्या चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांनी पाच वर्षं ही गोळी घेतल्यास स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असं आढळलं. ईआर निगेटिव्ह स्त्रियांना तिचा काहीच उपयोग होत नाही. आज आपल्याकडे ती काही रुपयांना एक मिळते. ती कुणाला द्यायची हे सांगणारी ईआरची चाचणी नीट होणं म्हणूनच इतकं महत्त्वाचं.

हर-टूची गोष्ट निराळी आहे, आणि 'पुढचं भाकीत' या कल्पनेलाच तिने मोठा धक्का दिला. हे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतं आणि वाढीचा इशारा आत पोचवतं. साध्या पेशीतही ते असतं, पण थोडं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले डेनिस स्लॅमन आणि जेनेन्टेक कंपनीतले ॲक्सेल उलरिक यांनी १९८७मध्ये १८९ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे तीस टक्के गाठींमध्ये हर-टूच्या जनुकाच्या जादा प्रती होत्या आणि अशा स्त्रियांचा आजार लवकर उलटत होता, त्या लवकर दगावत होत्या. हे प्रमाण आता पंधरा ते वीस टक्के धरलं जातं. त्या काळी हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे वाईट बातमी, आणि तिच्यावर करण्यासारखं काही नाही, अशीच स्थिती होती.

मग त्याच प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी तयार झाली: ट्रास्टुझुमॅब. सप्टेंबर १९९८मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. पसरलेल्या आजाराच्या ४६९ स्त्रियांच्या चाचणीत केमोबरोबर ती दिल्यावर सरासरी आयुष्य वीस महिन्यांवरून पंचवीसवर गेलं. हे ऐकायला थोडं वाटतं. खरी उडी २००५मध्ये दिसली. शस्त्रक्रियेनंतर, आजार पसरायच्या आधीच ती दिली, तर उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येत होतं. जे प्रथिन सर्वांत वाईट भविष्य सांगत होतं, तेच आता औषधाला नेमकी जागा दाखवत होतं. एखादी खूण पुढचं काय सांगते हे गाठीइतकंच हाताशी कोणतं औषध आहे यावर ठरतं, आणि म्हणून जुन्या पुस्तकांतले किंवा इंटरनेटवर सापडलेले जगण्याचे आकडे स्वतःला लावून घेऊन रात्रीची झोप घालवणाऱ्या प्रत्येकीला हे कुणीतरी समजावून सांगायला हवं. भारतात ट्रास्टुझुमॅब फार थोड्यांना परवडत होतं. २०१४च्या सुरुवातीला बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने त्याचं बायोसिमिलर, म्हणजे त्याच्या तोडीचं दुसऱ्या कंपनीचं औषध, बाजारात आणलं, त्यानंतर इतर कंपन्याही उतरल्या आणि किंमत उतरत गेली. तरीही वर्षभराचा संपूर्ण कोर्स कित्येक घरांना आजही जड जातो.

चौथी ओळ केआय-६७ची. जर्मनीतल्या कील शहरात १९८३मध्ये योहानेस गेर्डेस आणि सहकाऱ्यांना हे प्रथिन सापडलं. नावातला 'केआय' त्या शहराचा आणि ६७ हा आकडा प्रयोगाच्या तबकडीतल्या खळग्याचा. विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशीतच ते दिसतं, निवांत पेशीत दिसत नाही. शंभर पेशींत किती जणी वाढीच्या घाईत आहेत, हे त्यावरून कळतं. गोम इतकीच की हे मोजणं माणसाच्या नजरेवर अवलंबून आहे. या विषयाच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने स्पष्ट सांगितलंय की पाच टक्के किंवा त्याहून कमी आणि तीस टक्के किंवा त्याहून जास्त, एवढ्याच आकड्यांवर भरवसा ठेवून निर्णय घ्यावा. मधल्या पट्ट्यात दोन पॅथॉलॉजिस्टचे आकडे सहज वेगळे येतात. रिपोर्टवर अठरा टक्के लिहिलेलं आहे म्हणून केमो, आणि चौदा असतं तर नाही, असा हिशेब कुणी मांडत असेल तर तो आकड्याला पेलत नाही.

आता ही प्रथिनं बघतात कशी? आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. गाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टिकवून पॅराफिन मेणात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काढून काचेवर घेतात. मेण उतरवतात आणि काप ठरावीक द्रावणात तापवतात, कारण फॉर्मलिनने आवळून धरलेली प्रथिनं त्याशिवाय मोकळी होत नाहीत. अनेक प्रयोगशाळांत त्यासाठी चक्क प्रेशर कुकर वापरत आले आहेत. मग त्या प्रथिनालाच ओळखणारी अँटिबॉडी घालतात, तिच्यावर विकर जोडलेली दुसरी, आणि शेवटी रंगद्रव्य. जिथे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो, बाकीची पेशीकेंद्रं निळी दिसतात. ईआरचा तपकिरी रंग पेशीकेंद्रात भरतो. हर-टूचा रंग पेशीच्या कडेने फिरतो आणि तीव्र असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या पेशींना तपकिरी चौकटी आखल्यासारख्या दिसतात, तो ३+. फिकट ते मध्यम पण पूर्ण कडा दिसल्या तर २+, आणि मग निर्णयासाठी जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करावी लागते. ईआरच्या बाबतीत शंभरात एका पेशीला जरी रंग आला तरी पॉझिटिव्ह धरतात. एक ते दहा टक्क्यांच्या मधल्यांना २०२०पासून 'लो पॉझिटिव्ह' असं वेगळं लिहायची शिफारस आहे, कारण त्या गाठी पुष्कळदा निगेटिव्हसारख्या वागतात.

अनुभवी पॅथॉलॉजिस्ट कॅन्सरच्या पेशींकडे पाहण्याआधी त्याच काचेवर कडेला राहिलेल्या साध्या दुग्धनलिका शोधतात. त्यांच्या काही पेशींत ईआर असतोच, तेव्हा तिथे तपकिरी ठिपके दिसलेच पाहिजेत. तेही निळे दिसले, तर चूक रंगवण्यात किंवा नमुना टिकवण्यात झालेली आहे आणि 'ईआर निगेटिव्ह' हा शब्द त्या काचेवरून लिहिता येत नाही.

ही चूक किती महागात पडते हे कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांताने पाहिलं आहे. तिथल्या सेंट जॉन्स शहरातल्या प्रयोगशाळेने १९९७ ते २००५ या काळात केलेल्या ईआर-पीआर चाचण्यांबद्दल शंका आल्यावर निगेटिव्ह ठरलेले सुमारे एक हजार नमुने टोरांटोला फेरतपासणीसाठी पाठवले. जवळपास चारशे जणींचे निकाल चुकीचे निघाले. त्यांच्यापैकी ज्यांना टॅमॉक्सिफेनसारखी साधी गोळी मिळायला हवी होती, त्यांना ती मिळाली नव्हती. शंभराहून अधिक जणी तोवर वारल्या होत्या, आणि त्यातल्या किती गोळीने वाचल्या असत्या हे कधीच सांगता येणार नाही. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९मध्ये अहवाल दिला. त्यात नमुने नीट न टिकवणं, पडताळणीसाठी ठेवलेल्या नियंत्रण काचांकडे दुर्लक्ष, प्रशिक्षणाचा आणि देखरेखीचा अभाव असं सगळं बाहेर आलं. एका कुणाच्या घोडचुकीपेक्षा रोजच्या कामातली ढिलाई तिथे वर्षानुवर्षं साचत गेली होती.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे परक्या देशाचं म्हणून सोडून देऊ नये. आपल्याकडे तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया होते आणि गाठ प्लॅस्टिकच्या बरणीत घालून नातेवाईकांच्या हाती दिली जाते. ते एसटीने किंवा खासगी गाडीने ती पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचवतात. गाठ शरीराबाहेर आली की प्रथिनांचा ऱ्हास सुरू होतो. म्हणून तासाभराच्या आत ती फॉर्मलिनमध्ये जायला हवी, फॉर्मलिन दहा टक्क्यांचं आणि आम्लता सांभाळलेलं हवं, ते नमुन्याच्या कित्येक पट हवं, आणि त्यात ती कमीत कमी सहा आणि जास्तीत जास्त बहात्तर तास राहायला हवी. शिवाय मोठी गाठ अख्खी बुडवून भागत नाही. अख्खं लिंबू मिठात टाकलं तर मीठ आतपर्यंत मुरत नाही, तसंच इथेही. फॉर्मलिन फार सावकाश आत जातं, त्यामुळे गाठीला आधी काप देऊन ती उघडावी लागते, नाहीतर मधला भाग बरणीतच सडू लागतो. शनिवारी संध्याकाळी काढलेली, काप न दिलेली गाठ सोमवारी दुपारी टेबलावर आली, तर पुढे कितीही महागडं यंत्र असो, ते गेलेलं प्रथिन परत आणू शकत नाही. शस्त्रक्रियागृहातल्या त्या पहिल्या तासासाठी एक पैसाही जादा लागत नाही, आणि रिपोर्टच्या खरेपणात त्याचा वाटा कुठल्याही नव्या यंत्राहून मोठा आहे.

नवं यंत्र, नवी चाचणी यांचं आकर्षण मोठं असतं आणि त्यात तथ्यही असतं. गाठीतल्या २१ जनुकांची मोजणी करणारी अमेरिकेतली ऑन्कोटाइप चाचणी त्यातली नामांकित. 'टेलरएक्स' या दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८मध्ये आले. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काख स्वच्छ असलेल्या, ऑन्कोटाइपचा गुण मधल्या पट्ट्यात आलेल्या बहुतेक स्त्रियांना केमोचा जादा फायदा होत नाही, हे त्यातून ठरलं. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना थोडा फायदा दिसला. हजारो जणींची केमो त्यामुळे टळली. पण ही चाचणी परदेशी पाठवून करावी लागते आणि खर्च काही लाखांत जातो.

लंडनच्या जॅक क्युझिक आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये एक गणित मांडलं: ईआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७ या चारच प्रथिनांचे आकडे एका सूत्रात घातले, तर धोक्याचा अंदाज त्या २१ जनुकांच्या चाचणीच्या तोडीचा येतो. अट एकच, की चारही प्रथिनं काटेकोर मोजलेली हवीत. भारतात याच वाटेवरचं एक काम डॉ. मंजिरी बाकरे यांनी स्थापन केलेल्या बंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीने केलं. त्यांची 'कॅनअसिस्ट ब्रेस्ट' ही चाचणी पाच वेगळी प्रथिनं मोजते: सीडी-४४, एबीसीसी-४, एबीसीसी-११, एन-कॅडहेरिन आणि पॅन-कॅडहेरिन. पेशींचं एकमेकींना धरून राहणं, आपली जागा सोडून निघणं आणि औषध बाहेर फेकणं, अशा कामांशी यांचा संबंध आहे. म्हणजे गाठ किती वाढते यापेक्षा ती पसरायला किती सज्ज आहे, यावर नजर. या पाचांना गाठीचा आकार, ग्रेड आणि काखेतल्या गाठींची स्थिती यांची जोड देऊन संगणकाचं सूत्र १ ते १०० मधला गुण देतं, आणि पाच वर्षांत आजार उलटण्याचा धोका कमी की जास्त ते सांगतं. भारतीय रुग्णांच्या नमुन्यांवर उभी राहिलेली ही चाचणी नंतर युरोपातल्या रुग्णांवरही पडताळून पाहिली गेली. परदेशी चाचण्यांच्या मूळ अभ्यासांत भारतीय स्त्रिया जवळपास नव्हत्याच. आपल्याकडे हा आजार सरासरीने कमी वयात होतो आणि गाठ मोठी झाल्यावर लक्षात येते, तेव्हा आपल्याच नमुन्यांवर घडलेली चाचणी असणं ही फार मोलाची गोष्ट आहे.

प्रत्येक चांगलं प्रथिन दवाखान्यापर्यंत पोचतंच असं नाही. यूपीए आणि पीएआय-१ ही जोडी गाठीला आजूबाजूच्या ऊतीत घुसायला मदत करते. काखेत आजार नसलेल्या स्त्रियांचं पुढचं भविष्य सांगण्यात तिच्याइतका भक्कम पुरावा फार थोड्या खुणांमागे आहे. पण ती मोजायला ताजा, गोठवून ठेवलेला नमुना लागतो. जर्मनीबाहेर तिचा वापर फारसा पसरला नाही. दुसरीकडे रक्तातली सीए १५-३ ही चाचणी सहज होते म्हणून तपासणीच्या पॅकेजांत सर्रास दिसते. पसरलेल्या आजारात उपचार लागू पडतोय का हे पाहायला तिचा उपयोग आहे. निरोगी बाईत कॅन्सर शोधायला किंवा सुरुवातीच्या आजाराचं भविष्य सांगायला ती कामाची नाही. यकृताच्या साध्या विकारांतही ती वाढते आणि विनाकारण घाबरवते.

या सगळ्या अंदाजांना काळाचीही मर्यादा आहे. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे सौम्य आजार, असं सरसकट सांगितलं जातं. पहिल्या पाच वर्षांपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण ६२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या २०१७मधल्या विश्लेषणात पाच वर्षं गोळ्या पूर्ण केल्यानंतरही विसाव्या वर्षापर्यंत आजार संथपणे उलटतच राहिल्याचं दिसलं, अगदी लहान गाठींमध्येसुद्धा. गोळ्या पाच वर्षांऐवजी सात-दहा वर्षं घ्याव्यात का, ही चर्चा त्यातून आली. आणि आजार उलटला, तर जुन्या रिपोर्टवर विसंबून चालत नाही. हाडातल्या किंवा यकृतातल्या नव्या गाठीत ईआर हरवलेला असू शकतो, हर-टू बदललेला असू शकतो. शक्य तिथे नवी बायॉप्सी करतात, ती यासाठी.

जुन्या ब्लॉकला मात्र नवं महत्त्व आलं आहे. जून २०२२मध्ये शिकागोच्या परिषदेत न्यूयॉर्कच्या डॉ. शनू मोदी यांनी ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकन या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. हे औषध अँटिबॉडीला केमोचं रसायन बांधून हर-टूच्या पत्त्यावर पोचवतं. हर-टू १+, किंवा २+ पण फिश निगेटिव्ह, अशा ज्या गाठी वीस वर्षं सरळ 'निगेटिव्ह' म्हणून लिहिल्या गेल्या, त्यांच्यातही ते उपयोगी ठरलं: पसरलेल्या आजाराच्या या स्त्रियांचं सरासरी आयुष्य १६.८ महिन्यांवरून २३.४ महिन्यांवर गेलं. स्तनाच्या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या गाठी या 'हर-टू लो' गटात मोडतात. एकेकाळी शून्य आणि १+ यांतल्या फरकाला काही किंमत नव्हती, म्हणून तो पाहण्यात फार वेळही घालवला जात नसे. आता त्याच काचा पुन्हा काढून वाचल्या जात आहेत. मेणातला ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो आणि मागितल्यास प्रयोगशाळा तो रुग्णाला देते, दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायला किंवा नव्या चाचणीला. ब्लॉकचा क्रमांक रिपोर्टच्या वरच्या भागात छापलेला असतो.